फोन ठेवल्यानंतरची पत्रं

ऑफलाइन मेल रीडर, म्हणजे फोन ठेवल्यावर संदेश वाचायचा प्रोग्रॅम, ही काय चीज होती हे आज कुणाला सांगायचं तर सुरुवात टेलिफोनच्या मीटरपासून करावी लागते. एक संगणक, त्याला फोनवरून बोलू देणारा मोडेम, मोडेमला एक फोन लाइन आणि त्या लाइनीवर एका वेळी एकच माणूस: लोकांनी फोन लावून एकमेकांसाठी संदेश ठेवायचा बुलेटिन बोर्ड म्हणजे मुळात एवढंच. तुमचा फोन लागला की बाकी सगळ्यांना एंगेज टोन. बोर्ड चालवणारा, म्हणजे सिसॉप, बहुधा स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या पैशाने तो संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि प्रत्येकाला रोजची ठरावीक मिनिटं वाटून द्यायचा. त्या मिनिटांतच संदेश वाचायचे, विचार करायचा, उत्तर टाइप करायचं. तुम्ही एका बोटाने टाइप करा नाहीतर दहा बोटांनी, मीटर आपल्या गतीने पडत राहायचा.

याची सुरुवात शिकागोची. जानेवारी १९७८ मधल्या मोठ्या हिमवादळात घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने रँडी स्यूसला फोन केला आणि दोघांनी मिळून १६ फेब्रुवारी १९७८ ला सीबीबीएस हा पहिला बोर्ड सुरू केला. त्यांच्या संगणक क्लबातल्या मंडळींना एकमेकांसाठी निरोप ठेवता यावेत, ही साधी गरज होती. पुढच्या दहा वर्षांत बोर्ड हजारोंनी झाले, संदेशांचा पूर आला, पण एक लाइन एक माणूस हे गणित बदललं नाही. संदेश वाढले आणि मिनिटं तेवढीच राहिली.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मार्क हेरिंगने यावर जी तोड काढली तिचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. ‘स्पार्की’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने पीसीबोर्ड या बोर्ड सॉफ्टवेअरसाठी एक पॅकेट ठरवलं. नाव क्यूडब्ल्यूके, म्हणजे इंग्रजी ‘क्विक’, कारण काम झटपट व्हायचं. तुमच्या आवडीच्या विषयांतले सगळे नवे संदेश बोर्डानेच एका फाइलीत बांधायचे, झिपसारख्या प्रोग्रॅमने दाबून लहान करायचे आणि झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने तुमच्याकडे ढकलायचे. फाइल हातात आली की फोन ठेवायचा. मग तुमच्या संगणकावरचा रीडर ती उघडणार, तुम्ही वाचणार, उत्तरं लिहिणार, आणि ती उत्तरं आरईपी नावाच्या दुसऱ्या पॅकेटात बांधली जाणार. पुढच्या फोनला ते वर चढवायचं, नवं उतरवून घ्यायचं.

हिशेब करून बघा. २४०० बीपीएसचा मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरं नेतो. साठ किलोबाइटचं दाबलेलं पॅकेट सव्वाचार मिनिटांत उतरतं. उलगडलं की दीडशे किलोबाइट मजकूर, म्हणजे इंग्रजीचे पंचवीसएक हजार शब्द, म्हणजे सावकाश वाचायला दोन तास. दोन तासांचं वाचन सव्वाचार मिनिटांच्या फोनमध्ये बसत होतं. आम्ही त्या काळात पुण्यात राहायचो आणि माझा बोर्ड मुंबईत होता. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा, म्हणून अकरा वाजायची वाट बघायची. बाबांनी फोनशेजारी एक वही ठेवली होती. प्रत्येक एसटीडी फोनची तारीख, वेळ आणि मिनिटं तिच्यात लिहायची असा घरचा नियम. त्या वहीत माझ्या नोंदी इतरांच्या मानाने लहान असायच्या. आत्याशी बोलताना आईची मिनिटं माझ्यापेक्षा किती तरी जास्त व्हायची.

फोनचं सत्र अगदी ठरलेलं असायचं. मोडेमच्या शिट्ट्या, मग स्क्रीनवर ‘कनेक्ट २४००’. नाव, पासवर्ड. मेलचा दरवाजा, म्हणजे बोर्डच्या आत चालणारा वेगळा प्रोग्रॅम. तो एकेक विषय चाळत पुढे जायचा, शेजारी नव्या संदेशांचा आकडा चढायचा. मग पॅकेट बांधलं जायचं, झेडमोडेमची पट्टी सरकायची, आपलं आरईपी वर जायचं, निरोप. लाइन सुटून मोडेमचा लाल दिवा विझला की घर पुन्हा शांत, आणि खरं वाचन तिथून पुढे.

मी आधी एसएलएमआर हा रीडर वापरला, मग ब्लू वेव्ह. ग्रेग ह्यूगिलचा एसएलएमआर हलका आणि चपळ होता. जॉर्ज हॅचूच्या ब्लू वेव्हचं पॅकेटच वेगळ्या घडणीचं. क्यूडब्ल्यूकेत जे कोंबून बसवावं लागायचं ते त्यात ऐसपैस मावायचं. वर कुणी, कुणाला, विषय काय ते, खाली मजकूर, कळफलकाच्या एका दाबाला पुढचा संदेश. माउस नाही, चित्र नाही, वाट पाहणं नाही. सगळा मजकूर आपल्याच डिस्कवर असल्यामुळे पान उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागायचा नाही. वाचनाच्या बाबतीत आज माझ्या हातात असलेलं कोणतंही साधन इतकं तत्पर नाही, हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. माझ्या जुन्या ४८६ संगणकावर मी आजही वाचतो, म्हणून म्हणतो.

उत्तर द्यायला घेतलं की समोरच्याचा मजकूर आधीच हजर असायचा, प्रत्येक ओळीपुढे त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि बाणाचं टोक. कोण काय म्हणालं हे तीन-चार उत्तरांनंतरही ओळखू यायचं. आणि तो मजकूर छाटायचा, हा शिष्टाचार होता. दोन ओळींच्या उत्तराखाली पन्नास ओळींचं शेपूट सोडणाऱ्याला लोक चारचौघांत सुनावायचे, कारण त्या पन्नास ओळी प्रत्येकाच्या पॅकेटात जाणार आणि प्रत्येकाच्या फोनचे पैसे खाणार. माझ्या मते वादात दुसऱ्याचं नेमकं वाक्य पुढे ठेवून त्यालाच उत्तर देण्याची शिस्त लोकांना या मीटरने लावली. शेवटी एक टॅगलाइन, एका ओळीचं काहीतरी मजेशीर वाक्य. दुसऱ्याची आवडली तर एक कळ दाबून आपल्या साठ्यात घेता यायची.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिहिलेलं उत्तर लगेच जायचं नाही. ते आरईपीत, आपल्याच डिस्कवर, पुढच्या फोनपर्यंत पडून असायचं. दुपारी तावातावाने लिहिलेलं रात्री अकराच्या आत पुन्हा उघडता यायचं, निवळता यायचं, काढून टाकता यायचं. पत्र लिहिणं आणि पत्र पेटीत टाकणं या दोन क्रिया वेगळ्या होत्या.

पण माझ्यापुरतं सांगायचं तर ऑफलाइन रीडरचं सगळ्यात मोठं देणं मला एका मित्रामुळे कळलं. तो वसतिगृहात राहायचा. त्याच्याकडे फोन नव्हता आणि मिळण्याची शक्यताही नव्हती. त्या काळी घरगुती फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. बोर्डवर त्याचं स्वतःचं खातं होतं. मी माझं पॅकेट उतरवलं की त्याच्या नावाने पुन्हा आत जायचो, त्याचं पॅकेट उतरवायचो आणि सव्वापाच इंची फ्लॉपीवर घालून सकाळी त्याला द्यायचो. तो कॉलेजच्या लॅबमध्ये वाचायचा, लिहायचा, संध्याकाळी त्याचं आरईपी त्याच फ्लॉपीवर माझ्याकडे. बोर्डवरच्या कुणालाही कधी कळलं नाही की सी प्रोग्रॅमिंगवर एवढे भरभरून सल्ले देणाऱ्या या माणसाने मोडेमला हातही लावलेला नाही. तारेशी वाचनाचा संबंध तोडल्यामुळे बिनतारेचा माणूसही चर्चेत येऊ शकला. संदेश ही आपल्याजवळची वस्तू झाली: खिशात घालता येणारी, दुसऱ्याला देता येणारी, ठेवून देता येणारी.

भारतातलं ते जग लहान होतं. मुंबईत लाइव्ह वायर होता. बेंगळुरूत अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स. चिटणीस यांचे ‘पीसी क्वेस्ट’मधले लेख तेव्हा आम्ही पारायण केल्यासारखे वाचायचो, पुढे त्याच मासिकाच्या सीडीवरून लिनक्स देशभर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. २०१३ मध्ये ते गेले, तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणांना आपल्या मोडेमच्या दिवसांची आठवण झाली असेल. बरेच भारतीय बोर्ड फिडोनेटला जोडलेले होते, आशियासाठीच्या सहाव्या झोनमध्ये. टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हे नेटवर्क उभं केलं, तेही याच मीटरला शह द्यायला. बोर्ड दिवसा माणसांचे फोन घ्यायचे आणि रात्री, दर स्वस्त असताना, ठरलेल्या तासात एकमेकांना फोन करून टपाल बदलायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला जगभरात तीस हजारांच्या वर बोर्ड या साखळीत होते. मधे कंपनी नाही, पगारी माणूस नाही.

१९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने ईमेलसारख्या सेवांसाठी लाखो रुपयांच्या परवाना शुल्काचं धोरण आणलं आणि घरगुती बोर्डही त्या कचाट्यात सापडले. हौसेने, पदरमोड करून बोर्ड चालवणाऱ्याने एवढे पैसे आणायचे कुठून? ज्यांनी या देशात लोकांना संगणकावर एकमेकांशी बोलायला शिकवलं त्यांना व्यापारी समजून मोजलं गेलं, याचा मला अजून राग आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि बघता बघता बोर्डांची वर्दळ ओसरली.

बोर्डांच्या इतिहासातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं पान मात्र युरोपातलं आहे. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि क्रोएशिया व सर्बिया यांच्यातल्या टेलिफोन लाइनी तोडल्या गेल्या. झाग्रेबहून बेलग्रेडला फोन लागेना. दोन्हीकडच्या युद्धविरोधी कार्यकर्त्यांना एकमेकांशी बोलायचं होतं, आणि दोन्हीकडून परदेशात फोन मात्र लागत होता. १९९२ मध्ये एरिक बाखमान आणि वाम काट यांच्यासारख्या लोकांच्या धडपडीतून झामिर नावाचं नेटवर्क उभं राहिलं. झाग्रेबचा बोर्ड जर्मनीतल्या बीलेफेल्ड शहराला फोन करायचा, बेलग्रेडचा बोर्डही बीलेफेल्डलाच. तिथे बायोनिक नावाच्या बोर्डवर दोन्हीकडचं टपाल उतरायचं आणि उलट दिशेने जायचं. शेजारच्या शहरातलं पत्र जर्मनीला वळसा घालून यायचं, पण यायचं. पुढे बोस्नियातलं, वेढ्यात सापडलेलं सारायेव्होही जोडलं गेलं.

या व्यवस्थेचा पाया ऑफलाइन वाचनच होता. त्या शहरांत चालू असलेल्या लाइनी मोजक्या, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. प्रत्येकजण लाइनीवर बसून वाचू लागला असता तर दिवसाला मूठभर माणसांचंच काम झालं असतं. घरी लिहायचं, क्षणभर फोन लावायचा, गठ्ठा द्यायचा, गठ्ठा घ्यायचा, लाइन दुसऱ्याला सोडायची. वाम काट झाग्रेबहून रोजनिशी लिहून नेटवर्कवर पाठवायचा. निर्वासितांनी हरवलेल्या नातेवाइकांचा ठावठिकाणा याच वाटेने शोधला. मोडेम, झिप आणि रात्रीचा स्वस्त दर यांच्याबद्दल मी इतक्या आत्मीयतेने लिहितो त्याचं कारण हेच. मीटर चुकवायला शोधलेली युक्ती तोफांच्या माऱ्यातही कामी आली.

आता थोडं यंत्राबद्दल. डॉस ही तेव्हाची संगणक-प्रणाली एका वेळी एकच काम करायची, त्यामुळे सिसॉपचा संगणक बोर्ड चालवत असेल तर सिसॉपला स्वतःचं पत्र लिहायलाही फोन थांबेपर्यंत बसून राहावं लागे. मग अनेक कामं एकदम चालवणारं क्वार्टरडेकचं डेस्कव्ह्यू आलं, आणि १९९२ मध्ये आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीची २.० आवृत्ती. एका ३८६ किंवा ४८६ वर तीन-चार डॉसच्या खिडक्या, प्रत्येकीत एक लाइन, आणि पाचवीत आपला रीडर. ओएस/२ बाजारात हरलं, पण सिसॉप लोकांनी त्याला जीव लावला तो उगीच नाही. वेगवान मोडेम आले तेव्हा एकेक अक्षर आलं की सीरियल पोर्टची चिप संगणकाला हाक मारायची. जुन्या चिपजवळ एकाच अक्षराची जागा, हाकेला ओ द्यायला जरा उशीर झाला की अक्षर गेलंच. सोळा अक्षरांची जागा असलेली १६५५० ही चिप तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारून, पारखून घ्यावी लागायची. आणि रे ग्विनचा एसआयओ ड्रायव्हर! त्यातल्या व्हीमोडेमने बोर्डला असं भासवलं की इंटरनेटवरून आलेला माणूस फोन करूनच आला आहे. जुन्या बोर्ड सॉफ्टवेअरमधला एक शब्दही न बदलता ते नव्या जगाला जोडलं गेलं. असं काम करणाऱ्या माणसांपुढे मी नेहमी नम्र होतो.

काही दिवसांपूर्वी माझ्या जुन्या फ्लॉपींतलं एक पॅकेट मी हेक्स एडिटरमध्ये उघडलं. रीडरमध्ये वाचणं वेगळं आणि बाइट न् बाइट बघणं वेगळं. मेसेजेस डॉट डॅट ही मुख्य फाइल १२८ बाइटच्या ठोकळ्यांची. पहिल्या ठोकळ्यात कॉपीराइटची ओळ. त्यानंतर प्रत्येक संदेशासाठी एक ठोकळा माथ्याचा आणि मग लागतील तेवढे मजकुराचे. शेवटचा अर्धवट राहिला तर रिकाम्या जागांनी भरलेला. माथ्यावर तारीख आठ अक्षरांत, आधी महिना मग दिवस, अमेरिकन पद्धतीने. वर्ष दोन आकडी. वेळ पाच अक्षरांत, सेकंद नाहीत. कुणाला, २५ अक्षरं. कुणाकडून, २५. विषय, २५. सोबतच्या सूची-फाइलींत तर आकडेही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकच्या धाटणीचे, अपूर्णांक साठवायच्या पद्धतीने लिहिलेले. प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिला गेला त्याचा वास त्याला अजून येतो.

आणि ओळ कुठे संपते? सगळं जग त्यासाठी १३ किंवा १० हा बाइट वापरतं. क्यूडब्ल्यूकेत तिथे २२७ आहे. पीसीच्या स्क्रीनवर २२७ म्हणजे ग्रीक पाय हे चिन्ह. इंग्रजी पत्रात ते कोण लिहिणार, म्हणून घेतलं असणार. टेनेसीत बसून हा विचार अगदी रास्त होता. पण रशियात पीसीवर जी अक्षरांची मांडणी रूढ होती तिच्यात २२७ म्हणजे छोटा ‘उ’, रोजच्या वापरातला स्वर. तो आला की ओळ तुटणार. फिडोनेटमध्येही असंच एक कोडं होतं. १३ म्हणजे ओळीचा शेवट. त्यात १२८ मिळवून होणारा १४१ म्हणजे ‘मऊ’ शेवट, जो वाचणाऱ्या प्रोग्रॅमने सोडून द्यावा असं फिडोच्या पहिल्या मानकात लिहिलेलं. रशियन मांडणीत १४१ म्हणजे मोठा ‘न’. तो पत्रातून गायब व्हायचा, म्हणून रशियन मंडळी त्याच्या जागी दिसायला तसंच असलेलं इंग्रजी ‘एच’ टाइप करायची. वर्षानुवर्षं.

मग मी आपल्या लिपीकडे वळलो. आम्ही तेव्हा बोर्डवर इंग्रजीत नाहीतर रोमन लिपीत मराठी लिहायचो, पण देवनागरीचं तंत्र नव्हतं असं मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवायचं, आणि त्यामागचं इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ म्हणून स्वीकारलं. इस्कीत खालचे १२८ बाइट इंग्रजीचे तसेच ठेवून वरच्या भागात आपली अक्षरं आणि मात्रा बसवल्या आहेत. मी तक्ता काढून २२७ वर बोट ठेवलं. तिथे ॅ आहे. आपला अर्धचंद्र!

म्हणजे १९९१ नंतर पुण्यातल्या कुणी जिस्ट कार्डावर मराठी पत्र लिहून क्यूडब्ल्यूके पॅकेटात घातलं असतं, तर ‘काका’, ‘पाऊस’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘हळद’ सगळं सुखरूप पोचलं असतं. ‘मॅडम’ मात्र ‘म’वर तुटून ‘डम’ खालच्या ओळीत गेलं असतं. ‘बॅग’, ‘कॅलेंडर’, ‘मॅच’, खुद्द ‘पॅकेट’सुद्धा. संस्कृतातून आलेले आणि घरचे शब्द पार, इंग्रजीतून आलेले अर्धचंद्राचे तेवढे मोडलेले. एका बाइटची निवड किती दूर जाऊन कुणाला लागते! टेनेसीतल्या त्या माणसाचा यात तिळमात्र दोष नाही; त्याच्यापुढे त्याचे वाचक होते. पण माझ्या भाषेतला माणूस या पॅकेटात केवढ्याने बसला नसता हे बाइटच्या आकड्यात दिसलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

आजचं यूनिकोड घेतलं तर चित्र उलटं होतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं: पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा चिन्हागणिक वेगळा. २२७ कुठेच येत नाही, त्यामुळे क्यूडब्ल्यूकेत ओळ तुटत नाही. पण हलन्ताचे तीन बाइट लिहून काढले: २२४, १६५, १४१. तोच तो मऊ शेवट. जुन्या मानकाला धरून चालणाऱ्या फिडो प्रोग्रॅममधून मराठी पत्र गेलं तर प्रत्येक जोडाक्षराच्या पोटातला एक बाइट गळणार. ‘आई’ पोचेल, ‘नमस्कार’ पोचणार नाही. मी घरच्या यंत्रावर, १४१ गाळणारा जुना प्रोग्रॅम मधे घालून हे करून पाहिलं. ‘बाळ’, ‘गाव’, ‘पाणी’ जसेच्या तसे. ‘मित्र’, ‘रस्ता’, ‘श्रावण’ यांच्या मध्यभागी कचरा.

शिवाय २५ अक्षरांचं माप. तीन बाइटला एक चिन्ह, म्हणजे आठच चिन्हं. ‘पुरुषोत्तम’ लिहायला दहा लागतात. माथ्यावर नाव ‘पुरुषोत्’पाशी थांबतं आणि पुढच्या ‘त’चा एक तुटका बाइट लोंबत राहतो. आडनावाची तर गोष्टच नको.

हे सगळं आज कुणासाठी, असं मला घरातूनही विचारलं जातं. बोर्ड संपलेले नाहीत. रॉब स्विंडेलचा सिंक्रोनेट, ज्याचं काम १९९० च्या आसपास सुरू झालं, आजही वाढतो आहे, त्याचा मूळ कोड खुला आहे, आणि डव्ह-नेट हे त्याच्या बोर्डांचं नेटवर्क अजून क्यूडब्ल्यूके पॅकेटांवर चालतं. माझ्या ४८६ वर फ्रीडॉस आहे, हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, एनई२००० नेटवर्क कार्ड आणि डॉसला इंटरनेटशी जोडणारा मायकेल ब्रुटमनचा एमटीसीपी. त्यातल्या टेलनेटमध्ये फाइल उतरवायची सोय आहे. संध्याकाळी जोडायचं, पॅकेट उतरवायचं, तोडायचं आणि विल्यम मॅकब्राइनने सांभाळलेल्या मल्टिमेलमध्ये उघडायचं. हा एकच रीडर क्यूडब्ल्यूके, ब्लू वेव्ह आणि आणखी काही जुनी पॅकेटं वाचतो, आणि डॉस, ओएस/२, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालतो. तीस वर्षांपूर्वीची माझी फ्लॉपीवरची पॅकेटंही त्याने निमूट उघडली. कोणत्याही कंपनीकडे परवानगी मागावी लागली नाही, कोणतं खातं बंद पडलेलं आडवं आलं नाही.

माथ्याच्या मापाला उपाय आधीच निघालेला आहे. क्यूडब्ल्यूकेई या वाढीव रूपात लांब नावं आणि विषय मजकुराच्या आरंभी वेगळ्या ओळींत लिहिले जातात. सिंक्रोनेट तर पॅकेटात हेडर्स डॉट डॅट नावाची आणखी एक फाइल घालतो, तिच्यात नावं पूर्ण असतात आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे का हेही नोंदवलेलं असतं. म्हणजे ‘पुरुषोत्तम’ आता पॅकेटात सबंध बसतो. राहिला प्रश्न दाखवण्याचा. डॉसच्या पडद्यावर यूटीएफ-८ मराठी म्हणजे दर अक्षराला एक ग्रीक अल्फा, एक डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश ‘एन’ आणि एक भलतंच चिन्ह.

म्हणून मी सध्या ओपन वॉटकॉम या कंपायलरमध्ये एक छोटा रीडर लिहितो आहे, फक्त व्हीजीएच्या ग्राफिक्समध्ये चालणारा. अक्षरं सोळा ओळी उंच, हाताने ठिपके मांडून काढलेली. शिरोरेषा सलग जुळायला दोन आठवडे गेले; ती जुळली त्या दिवशी ‘आणि’ हा एक शब्द मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी, त्यामुळे जोडाक्षर कुठे सुरू झालं ते मागे जाऊन शोधावं लागतं. ते आता बरोबर होतं. रफार बसला. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ वेगवेगळे दिसतात, आणि ज्याला हा फरक दाखवता येत नाही त्याला मी मराठी रीडर म्हणणार नाही. ‘ट्र’, ‘ड्र’खालचं घर सोळा ओळींत अजून दाटीवाटीने बसतंय, आणि ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ यांच्यासाठी वेगळी चित्रं काढायची आहेत. उत्तर लिहिण्याच्या भागात आधीच्या लेखकाची आद्याक्षरं देवनागरीत घेताना ‘श्री’ हे एक अक्षर धरायचं की ‘श’वर तोडायचं, तेवढं ठरवायचं राहिलंय. मी ‘श्री’कडे झुकलो आहे.